शकावर सुटलेला माणूस

आनंदराव पिंपळखुटे वकिलांचा एक नियम होता, आणि नागपूरच्या फौजदारी वकिलीत तीस-बत्तीस वर्षं त्यांनी तो मोडला नाही. आरोपीला, ‘तू हे केलंस का?’ असं कधी विचारायचं नाही. घरच्यांना विचारा, शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारा, पंचनामा दहादा वाचा, खुनाची जागा पायी फिरून पाहा, पण ज्याच्या गळ्याशी दोर आलाय त्याला तेवढं एक विचारू नका. विचारलं की तो सांगणार, सांगितलं की आपल्याला माहीत होणार, आणि माहीत झालं की भर कोर्टात जीभ अडखळणार. नव्यानं सनद घेऊन आलेल्या पोरांना हे समजावताना ते पान एका गालातून दुसऱ्या गालात सरकवत आणि म्हणत, “आपलं काम पोलिसांनी रचलेली गोष्ट उसवायची. खरं काय ते देवाला ठाऊक, आणि देव काही आपला पक्षकार नाही.”

दुसरा नियम पहिल्याचा धाकटा भाऊ. बचावाचा साक्षीदार पिंजऱ्यात आणायचा नाही. आरोप सिद्ध करायची जबाबदारी सरकारची, त्यांची भिंत आपल्याच वजनानं कलते. आपण हौसेनं एक साक्षीदार आणला की सरकारी वकील त्याचाच टेकू करून भिंत उभी करतो. हे सगळ्या बाररूमला मान्य होतं. आनंदरावांनी या दोन नियमांवर कितीतरी माणसं फासाखालून ओढून काढली. ते उलटतपासणीला उभे राहिले की शेजारच्या कोर्टातले वकील आपापली कामं टाकून मागच्या बाकावर येऊन बसत.

एवढं नाव होतं, आणि घरी गेल्यावर दार उघडायला कोणी नव्हतं.

तेही एकदम झालं नाही. मुलगा राउरकेल्याच्या पोलाद कारखान्यात लागला आणि तिकडचाच झाला. पत्नी यमुताई गेल्या. शेवटच्या वर्षी त्या दवाखान्यात एकट्या जायच्या, एकट्या परत यायच्या. डॉक्टर काय म्हणाले, हे आनंदरावांनी एकदाही विचारलं नाही. उत्तर काय येईल याची धास्ती वाटली की प्रश्न गिळून टाकायचा, ही कोर्टातली सवय. काळा कोट खुंटीला टांगता येतो, सवय टांगता येत नाही. यमुताई त्या प्रश्नाची वाट पाहत असणार. हे आनंदरावांना त्या गेल्यावर कळलं, आणि तेव्हा कळून काय उपयोग?

सक्करदऱ्याच्या तलावाजवळच्या त्या घरात आता सकाळी अंजनाबाई यायची, दोन्ही वेळचा स्वयंपाक करून झाकून ठेवायची आणि जायची. रात्रीची पोळी आनंदराव गारच खात. जेवताना रेडिओ लावत, म्हणजे घरात कोणीतरी बोलतंय असं वाटे.

गरज सरो, वैद्य मरो म्हणतात. पण वैद्याला निदान पुढच्या दुखण्यात तरी आठवतात. फौजदारी वकिलाचं तोंड सुटलेल्या माणसाला जन्मात पुन्हा पाहायचं नसतं, आणि त्यात त्याचा दोष नाही. त्या तोंडावर त्याला आपले वाईट दिवस दिसतात. एकदा गांधीबागेत समोरून एक गृहस्थ येताना दिसले. आनंदरावांनी त्यांना जन्मठेपेतून सोडवलं होतं. गृहस्थांनी यांना पाहिलं आणि सरळ एका साड्यांच्या दुकानात घुसले. त्या गृहस्थांच्या घरात बाई माणूस नाही, हे आनंदरावांना माहीत होतं. तेव्हा त्यांना हसू आलं. घरी पोचेपर्यंत ते हसू उरलं नाही.

याला अपवाद एकच, कामठीचा रुपराव हेडाऊ.

रुपराव विणकर. पासष्ट साली कामठीत एका रात्री सुताच्या एका दलालाचा खून झाला. त्याच दुपारी रुपरावचं त्याच्याशी चारचौघांत वाजलं होतं आणि ‘तुले पाहून घेतो’ असं हा बोलून बसला होता. पोलिसांना तेवढं पुरलं. त्यांनी घरातून मागाचा एक लोखंडी दांडा जप्त केला आणि दारूच्या गुत्त्यावरचा एक साक्षीदार पैदा केला. आनंदरावांनी आधी पंचाला धरलं. हा बुवा पोलिसांच्या घरचाच, पंचनामा कुठलाही असो, सही याची. मग गुत्त्यावरच्या साक्षीदाराला असा उलटासुलटा केला की आपण त्या रात्री कुठं होतो हेच त्याला आठवेना. निकाल लागला. संशयाचा फायदा देऊन आरोपीची मुक्तता.

खटला चालू असताना रुपराव तुरुंगात होता. त्याची बायको मनकर्णा एका म्हाताऱ्या शेजारणीला घेऊन आनंदरावांकडे आली होती. म्हातारीचं नाव बायजाबाई. तिचं म्हणणं, त्या रात्री माझा नवरा मरणाला टेकला होता आणि रुपराव सकाळपर्यंत त्याच्या उशाशी बसून होता. आनंदरावांनी ते अर्ध्या कानानं ऐकलं. प्रत्येक आरोपीला अशी एक शेजारीण असतेच. “हिला घरी न्या,” ते म्हणाले, “लागणार नाही.” तरी म्हातारी धुतलेलं लुगडं नेसून रोज यायची आणि कोर्टाच्या आवारातल्या कडुलिंबाखाली बसून राहायची, कोणी हाक मारील म्हणून. आनंदराव फायली घेऊन तिच्या पुढ्यातून जात.

रुपराव सुटला तो दर दिवाळीला सक्करदऱ्याला येऊ लागला. मनकर्णानं दिलेले अनारसे ठेवायचा, व्हरांड्यातल्या बाकावर ऐसपैस बसायचा आणि बोलत राहायचा. हातमाग गेला, वीजमाग आला, वीज जाते, पोरगी प्रेमिला मॅट्रिक झाली. खटल्याचा विषय दोघांनीही कधी काढला नाही. हा माणूस तासभर बसून गेला की आनंदरावांना चार दिवस घर मोठं वाटत नसे. दसरा उलटला की ते अंजनाबाईला सांगत, “चांगलं दूध घेऊन ठेव, कोणी येईल.” कोण येईल ते अंजनाबाईला पाठ होतं. इतक्या वर्षांच्या वकिलीत एक तरी माणूस आपला झाला, असं आनंदराव मनाशी धरून होते.

आणि एकोणऐंशीच्या फाल्गुनात एका सकाळी एक अनोळखी गृहस्थ फाटक उघडून आले. पांढरं धोतर, काळी टोपी, चप्पल बाहेर काढून नीट जुळवून ठेवणारे.

“वकीलसाहेब, मी नानाजी नंदनवार. गांधीबागेत कापडाचं दुकान हाये माहं. रुपराव हेडाऊची प्रेमिला माह्या पोरासाठी पाह्यली.”

“अरे वा! छान पोरगी आहे.”

“पोरगी सोन्यावानी हाये जी. पन लोकं कान भरून राह्यले. म्हन्तेत, बाप शकावर सुटला. शकावर सुटला म्हन्जे केलं असन, फकस्त घावलं नाई. घरची मंडळी तं हटूनच बसली. मी म्हन्लं, दहा लोकायले इचारन्यापेक्षा एकालेच इचारतो.” नानाजी खुर्चीच्या कडेवर सरकले. “वैद्याजवळ अन् वकिलाजवळ कोनी खोटं बोलत नाई. जीव टांगनीले लागला होता तवा त्यानं तुमाले जे सांगतलं असन, तेच खरं. त्यानं केलं का नाई, एवढं एक सांगा. तुमी नाई म्हन्ले, तं वैशाखात लगन.”

“कोर्टानं सोडलंय त्याला, नानाजी.”

“कोर्टाचं मले माईत हाये. तुमचं सांगा.”

सोपं होतं. ‘नाही’ एवढा एक शब्द टाकायचा आणि चहा मागवायचा. पण आनंदरावांची एक मिजास होती. ‘माझा अशील निर्दोष आहे’ असं वाक्य त्यांनी उभ्या आयुष्यात कोर्टापुढे उच्चारलं नव्हतं. ‘आरोप शाबीत झालेला नाही’, बस्स. जे माहीत नाही ते बोललो नाही, यावर ते रात्री शांत झोपत आले होते. आता एका पोरीचं लग्न त्यांच्या एका शब्दावर अडलं होतं आणि तो शब्द त्यांच्याजवळ नव्हता.

“वकिलाला पक्षकाराचं बोलणं बाहेर सांगता येत नाही,” ते म्हणाले. “रुपरावची परवानगी लागेल. रविवारी मीच तुमच्या दुकानावर येतो.”

“नाई म्हनाले परवानगी काहून लागते जी?” नानाजींनी विचारलं. आवाजात संशय नव्हता, नुसतं नवल होतं. आनंदराव त्यांना फाटकापर्यंत पोचवायला उठले.

नानाजी गेल्यावर ते व्हरांड्यातच बसले. न विचारताच ‘नाही’ म्हणावं, तर एका भल्या माणसाला फसवल्यासारखं होईल. विचारलं आणि रुपराव ‘हो’ म्हणाला, तर पोरीचं लग्न आपल्या हातानं मोडायचं. आणि खरं सांगायचं तर त्यांना एक तिसरीच भीती वाटत होती. विचारल्यावर दिवाळीला रुपराव येईल का? साठी उलटलेल्या, नावाजलेल्या वकिलाला एका विणकराच्या तासभराच्या गप्पा जातील म्हणून धास्ती वाटावी, याची त्यांना लाजही वाटली. लाज वाटून धास्ती काही गेली नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कामठीची बस पकडली.

रुपरावच्या गल्लीत घराघरातून मागांचा खडखडाट चालला होता. वकीलसाहेबांना दारात पाहून रुपरावला काय करू नि काय नको असं झालं. शेजाऱ्याकडून खुर्ची आली, तिच्यावर नवी कोरी चादर आली. “हे आमचे वकीलसाहेब,” तो येणाऱ्या-जाणाऱ्याला ओरडून सांगत होता, “माह्या घरी आले!” प्रेमिला पाया पडून गेली. मनकर्णानं चुलीवर चहा ठेवला. आनंदराव म्हणाले, “रुपराव, जरा आत बोलू.” मागाच्या खोलीत रुपरावनं खटका दाबून माग बंद केला, आणि त्या खोलीत इतका वेळ किती आवाज होता ते तेव्हा समजलं.

“नानाजी माझ्याकडे आले होते.”

“माईत हाये. म्याच सांगतलं त्यायले, वकीलसाहेबायले इचारा म्हून.” रुपराव हसत होता.

“रुपराव, एक विचारायचं राहून गेलं होतं. त्या दलालाला... तुम्ही मारलं होतं का?”

रुपरावला आधी ती थट्टा वाटली. हसू तसंच चेहऱ्यावर ठेवून तो थोडा वेळ पाहत राहिला. मग ते हसू हळूहळू उतरलं.

“तुमाले माईत नाई?”

आनंदरावांनी मागावरच्या अर्धवट विणलेल्या कापडाकडे नजर वळवली.

“म्या नाई मारलं जी,” रुपराव म्हणाला. अगदी साधं, वेळ विचारल्यावर सांगावी तसं. मग तो मागाच्या चौकटीला हात धरून खाली बसला. “मंग बायजाबाईले काहून नाई बलावलं तवा? मले वाटलं होतं, साहेबाले माह्यावर एवढा भरोसा हाये का गवाही लागतच नाई. मी तं तुरुंगातून मनकर्णाले हेच सांगून राह्यलो होतो. भिऊ नको म्हन्लं, साहेबाले ठाऊक हाये.”

“तो आमच्या कामाचा रिवाज आहे, रुपराव. आम्ही साक्षीदार...”

“आता तं बायजाबाईबी नाई राह्यली. असती तं तिलेच नेलं असतं नानाजीकडे.” तो आनंदरावांकडे न पाहता बोलत होता. “या गल्लीत चौदा वर्सं झाली, मी पान्याच्या नळावरबी मान खाली घालून जातो. दिवाळीले तुमच्या इथं येऊन बसलो का बरं वाटे. म्हनो, साऱ्या दुनियेत एक मानूस हाये, त्याले माईत हाये का म्या नाई केलं. तुमी तं शकच धरून बसले होते.”

“शक नव्हता हो. मी त्याचा विचारच केला नव्हता.”

बोलून गेल्यावर आनंदरावांना कळलं की हे त्याहून वाईट आहे. शक घ्यायलासुद्धा माणसाकडे पाहावं लागतं. जन्मभर खोटं ऐकलेल्या त्यांच्या कानांना रुपरावचं ते ‘नाई मारलं’ लख्ख खरं वाटलं होतं. पुरावा एक नाही, साक्षीदार एक नाही, आणि तरी तिळभर शंका उरली नव्हती. हे चौदा वर्षांपूर्वी तुरुंगाच्या भेटीच्या खोलीत एका वाक्यात झालं असतं. त्यांचे डोळे भरून आले. चष्मा पुसायच्या निमित्तानं त्यांनी तोंड फिरवलं.

“चाय थंडी होऊन राह्यली जी,” रुपराव उठत म्हणाला. आवाजात राग नव्हता. राग असता तर आनंदरावांना धरायला काही सापडलं असतं.

रविवारी ते गांधीबागेत गेले. नानाजी गादीवर बसले होते. गिऱ्हाईक वाटेला लावून त्यांनी आनंदरावांना तक्क्याजवळ बसवलं.

“रुपरावनं तो खून केलेला नाही,” आनंदराव म्हणाले. असलं वाक्य ते जन्मात पहिल्यांदा बोलत होते, आणि ते खरं होतं.

नानाजींचा चेहरा उजळला. पण व्यापारी माणूस, कापड दोन्ही बाजूंनी पाहिल्याशिवाय घेत नाही. “वकीलसाहेब, राग नका धरू. त्यानं तुमाले हे कवा सांगतलं? तवाच, का आता? आता पोरीचं लगन आलं तं कोनीबी नाईच म्हनन.”

हा प्रश्न आनंदरावांनी स्वतः साक्षीदारांना शेकडो वेळा टाकला होता. हे तुम्हाला आजच कसं आठवलं? तेव्हा का बोलला नाहीत? या एका प्रश्नावर भले भले साक्षीदार कोसळताना त्यांनी पाहिले होते. खरं सांगावं, तर रुपरावचं खरं मातीमोल होणार होतं आणि प्रेमिला घरी बसणार होती.

“तेव्हाच,” ते म्हणाले. “मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.”

“मंग कोर्टात काहून नाई सांगतलं?”

“वकिलाला काय माहीत आहे याला कोर्टात किंमत नसते, नानाजी.”

“आमच्यात असते जी,” नानाजी म्हणाले, आणि त्यांनी पेढे आणायला माणूस पाठवला. तो पेढा आनंदरावांनी कसाबसा गिळला.

वैशाखात कामठीला लग्न लागलं. पत्रिका नानाजींकडून आली. रुपरावकडून आली नाही, पण लग्नाच्या धांदलीत होतं असं, म्हणून आनंदरावांनी मनाची समजूत घातली आणि ठेवणीतला कोट घालून ते गेले. रुपरावनं मांडवाच्या तोंडाशी त्यांना हात जोडले, अत्तर लावलं, पुढच्या सतरंजीवर बसवलं. सगळं रीतसर. ‘हे आमचे वकीलसाहेब’ असं मात्र तो कोणाला म्हणाला नाही.

पंगत बसली. पाहुण्यांत कुजबुज अजून मिटली नव्हती. नानाजींच्या कानावर ती आली असावी, कारण ते पंगतीच्या मधोमध उभे राहिले आणि आनंदरावांकडे हात करून मोठ्यानं म्हणाले, “मंडळी, हे पिंपळखुटे वकील. आमच्या इवायानं काही केलं नाई, हे यायले पयल्या दिवसापासून माईत होतं. माह्या दुकानात बसून सांगतलं त्यायनं. काहो इवाई, खरं हाये ना?”

सगळी पंगत रुपरावकडे वळली. तो बुंदीचं भांडं घेऊन उभा होता. त्यानं आनंदरावांकडे पाहिलं. तो नजर काढीना, आणि आनंदरावांना आपली नजर कुठं ठेवावी कळेना. नुसतं ‘मले माईत नाई’ म्हणाला असता तरी झालेलं लग्न मोडणार नव्हतं. पण आनंदराव रुपरावच्या सगळ्या जातभाईंपुढे खोटे पडले असते, आणि ते न्यायाचंच झालं असतं.

“हो जी,” रुपराव म्हणाला. “साहेबायनं तं मले कधी इचारलंबी नाई. इतका भरोसा.”

“वा!” पंगतीतून कोणी म्हातारा म्हणाला. चारदोन माना डोलल्या. नानाजींनी समाधानानं टोपी सारखी केली आणि वाढप पुढं सुरू झालं.

रुपराव वाढत वाढत आनंदरावांच्या पानापाशी आला. वाकून त्यानं बुंदी वाढली. आजवर आनंदरावांनी प्रश्न गिळले ते उत्तराला भिऊन, आताही ते भीतच होते, पण या वेळी प्रश्न तोंडातून बाहेर पडला.

“रुपराव, दिवाळीला याल ना?”

“पाहू जी,” रुपराव म्हणाला. “यंदा पोरीचा दिवाळसन राहीन. जावई घरी येईन, इवाई येतीन. निंघनं नाई होनार.”

खरंच होतं ते. पहिल्या दिवाळीला जावई येतो, त्याचं कोडकौतुक करायचं असतं, बापानं घर सोडून कसं चालेल? आणि जावई ज्या लग्नानं आला ते लग्न आनंदरावांनीच जुळवलं होतं. ते मान हलवून “बरोबर आहे, बरोबर आहे” म्हणाले.

“आनखी घ्या ना जी,” रुपरावनं आग्रह केला, एक डाव जास्त वाढली आणि तो पुढच्या पानाकडे सरकला.